एकाच बाजूचं नाणं

नाण्याला दोन बाजू असतात, म्हणतात.
याला एकच.
चांदीचा पत्रा इतका पातळ
की समोर जो चेहरा उठतो
तोच मागून खड्डा होऊन बसतो.
दगडावर टाकून वाजवायला जावं, तर
वाजत नाही. कुजबुजतं.

डची तरी केवढी!
गढीतले हंस ओढा पोहून गेले
की परमुलखात जमा;
त्यांना आणायला दूत पाठवावा लागे.

ठसा कोरला हार्टविगनं.
ड्यूकला त्यानं पाहिलं होतं एकदाच,
मिरवणुकीत, पाठमोरं.
मग नाक घेतलं मेव्हण्याचं,
केस चर्चमधल्या लाकडी देवदूताचे.
तलवार मात्र चोख उतरली.
तलवारी त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या, समोरून.

दरसाल सुगी संपली की दवंडी:
जुनी नाणी बाद. चार द्या, तीन घ्या.
चौथं कुठं जातं
हे विचारायची रीत नव्हती.
मेण विकणारी डोब्रोख्ना विचारायची,
पण फक्त मधमाश्यांना.

त्या वर्षी तिच्याकडे तेरा निघाली.
बाराची नऊ झाली.
उरलेल्या एकाकडे कारकुनानं पाहिलंही नाही:
एकट्याचं काही मिळत नाही, बाई.

घरी येऊन तिनं ते पोराला दिलं.
व्होइमिर सहा वर्षांचा.
त्यानं उलटसुलट केलं, हुंगलं,
आणि ड्यूकच्या डोक्यामागच्या खड्ड्यात
मावेल तेवढा मध घेतला.
दोन थेंब.
चाटला. पुन्हा घेतला.
राज्याला जे सुचलं नाही ते
एका दुपारी पोराला सुचलं.
झोपतानाही ते दातात धरलेलं असे;
आई हळूच काढून घ्यायची.

मग एका संध्याकाळी ते गवतात पडलं.
दोघं चाचपडत राहिली
अंधार पडेपर्यंत, आणि नंतरही थोडा वेळ.

डची पुढे कुणाच्या तरी हुंड्यात गेली,
भांड्याकुंड्यांसकट, हंसांसकट.

आता ते काचेखाली आहे, कापसावर.
चिठ्ठीवर बारीक अक्षरात:
पुढची बाजू, तलवारधारी ड्यूक.
मागची बाजू, कोरी.
कडेला दोन लहान खाचा,
बहुधा नांगराच्या.

पटलंही असतं,
नांगराला दुधाचे दात असते तर.