डब्यातलं तळं

थोंगसुकनं भाजीच्या पिकअपमधून डबा धाडला,
दुधाच्या पावडरचा, झाकणावर ट्यूबचं रबर ताणलेलं.
आत माती. चिठ्ठी नाही.
फोनवर म्हणाला, डंपर यायच्या आदल्या दिवशी
तळ्याचा तळ खरवडला,
शेवटची ओल जिथं टिकायची तिथला.
आता पेट्रोल पंप झालाय तिथं.
संडास मात्र चकाचक ठेवलेत, म्हणाला.

खोनकेनला मी टायरच्या दुकानावर राहतो.
रात्र जाळ्यांच्या कारखान्यात, दिवस उशीत,
आणि खिडकीशी दोन फुटी काचेची टाकी,
जिच्यातले गप्पी गेल्या उन्हाळ्यात संपले.

पहिल्या खेपेला मी फुकटाला भुललो.
एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी
बादलीत साठवलं, दोन चमचे माती सोडली.
सकाळी ठिपके हलत होते.
संध्याकाळी काहीच हलत नव्हतं.
तांबं, मासेवाला म्हणाला,
आतली नळी तांब्याची असते, यांना ते विष.
बादली जिन्याखाली ढकलून दिली.

दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या यंत्रात नाणी टाकली,
एक बाट, एक लिटर.
टाकीतला फिल्टर काढला,
तो ओढतो, त्याला लहानमोठं कळत नाही.
हवेची नळी इतकी आवळली
की बुडबुडा विचार करून वर यावा.
वर दिवा लावला
आणि कामावर गेलो.

परतलो तर जिन्यातच तोइ,
टायरवाल्याची पोर, शाळेच्या गणवेशात.
किल्ली माझ्या हातून घेऊन आधी तीच आत.
नाक काचेला लावून म्हणाली,
काका, धूळ पोहतेय.

नारिंगी धूळ, एकेका डोळ्याची,
दिवा हलवला की तिकडे वळणारी.
यीस्ट चिमटीच्याही चिमटीनं द्यायचं,
पाणी धुरकट दिसेल न दिसेल इतपत.
माया जास्त झाली की पाणी नासतं.
हे मी दोनदा शिकलो.

आठव्या दिवशी शेपट्या लाल झाल्या.
सगळे उताणे पोहतात, पोट उजेडाकडे.
पायांच्या अकरा जोड्या,
त्याच चालणं, त्याच श्वास.
आमच्या यंत्रांवर धोटे असेच पळतात,
पण केवढा गलका करून.

रविवारी आई आली, बसनं, मांडीवर चिकट भाताची टोपली.
शहरात यांना परी म्हणतात, मी सांगितलं.
परी कसली, किडा तो, आई म्हणाली,
तुझा बाप जाळीनं बादलीभर आणायचा.
मग बोट काचेवर फिरवत मोजायला लागली.
शंभरावर दहा-बारा.
एका आमलेटला पुरायचे नाहीत, म्हणाली,
आणि खुर्ची ओढून दोन तास बसली.
जेवताना मध्येच, मान वर न करता:
आपल्याच तळ्यातले ना?

माद्यांच्या पोटाशी पिशव्या भरल्या,
अंडी तळाशी पडत गेली, मिरीच्या पुडीसारखी.
तिसऱ्या आठवड्यात एकेक थांबू लागला.
मग मी पाणी काढलं.
हातानं, वाटीनं, थेंबापर्यंत.
पाळायचं म्हणजे एक दिवस आटवायचंही,
नाहीतर पुढची पिढी उठत नाही.
तोइ त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आली ती प्रश्न घेऊनच.
मी सांगितलं, सगळी अंडी पहिल्या पाण्याला उठत नाहीत.
काही मागे राहतात,
पाणी खोटं निघालं तर
कुणीतरी उरावं म्हणून.

ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, ती पहिली माती कुठंय,
विषातली?

धुवायची राहिलेली बादली
तिनं दोन्ही हातांनी वर आणली.
तळाशी चिखल वाळून तडकला होता,
कडेला एक मेलेला मुंगळा.
मी खिशात नाणी चाचपली.
चार होती.