झाकलेली बाजू

माझं काम रंग उडवायचं.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागच्या खोलीत
झेनॉनचा दिवा जळत असतो. त्याच्यासमोर
मी चादरीचे तुकडे लावते,
अर्धे उघडे, अर्धे काळ्या पुठ्ठ्याखाली.
शेजारी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या.
पहिली लगेच विटते,
आठवी दम धरते.
मग पुठ्ठा काढायचा
आणि मधोमध रेघ दिसते का बघायचं.
दिसली, की कापड नापास.

नायना फ्रिज दुरुस्त करायचे.
साखर पेठेत बोळासारखं दुकान.
नवा गॅस भरायच्या आधी जुना सोडून द्यावा लागे :
नळीचं तोंड खिडकीबाहेर, आणि फुस्स.
मी बोट धरायची त्यापुढं. गार लागायचं.
वास नाही, रंग नाही.
'कुठं जातो?'
'वर.'
वर म्हणजे नेमकं कुठं
हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत बाईंनी ओझोनची चादर म्हटलं
तेव्हा अख्खा वर्ग हसला.
किती काउंटची, बाई? चौकड्याची का मोराची?
आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी माग होता.
पुढं कधीतरी वाचलं,
सगळा ओझोन खाली आणून अंथरला
तर जाडी भरते तीन मिलिमीटर.
हॉटेलांना जाणारा आमचा टॉवेल
याहून जाड असतो.

भोक सोलापूरवर नव्हतं, हे मी नायनांना
दोन-तीनदा सांगितलंय.
ते पार दक्षिणेला, बर्फावर,
जिथं कुणाचा फ्रिज बिघडत नाही.
आणि आता भरतंय म्हणतात,
सावकाश, रफू भरत यावं तसं.
तो गॅसही बंद झाला.
त्याच्या जागी आला तो वरचं काही कुरतडत नाही,
नुसती ऊब धरून ठेवतो.
सोलापुरात, ऊब!
शेजारची रेणक्का भिजवलेलं तेंदूपान
कात्री लावेपर्यंत वाळतंय म्हणून चिडते,
मार्चातच हिप्परग्याचं पाणी काठ सोडून आत गेलंय,
आणि नायनांच्या जुन्या गिऱ्हाइकांची पोरं
तिसऱ्या खोलीतही एसी लावतायत.
मीही लावला. खोटं कशाला बोलू.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा जास्त पिकलेला.
'उन्हात फार काम झालं का?' डॉक्टरांनी विचारलं.
'गच्चीवर,' नायना म्हणाले, 'पत्र्यावर.
कॉम्प्रेसर तिथंच असतोय ना, साहेब.
एकतीस वर्षं.'
मग माझ्याकडे मान वळवून, हळूच :
'मीच सोडलेला का गं तो, वर?'
मी म्हटलं, ऊन आपलं पहिल्यापासूनच कडक.
ते खरं होतं. आणि पुरेसं नव्हतं.

ऑपरेशनआधी सिस्टरनं घड्याळ काढायला लावलं.
पट्ट्याखाली मनगटावर
बोटभर रुंद एक कोरी जागा,
लग्नातल्या फोटोतसुद्धा न उरलेला त्यांचा रंग.
वर हात, खाली पंजा : करपलेला, ठिपक्यांचा.
मधली रेघ इतकी स्वच्छ
की मी सवयीनं आकडा शोधायला लागले.
'काय बघतीस?'
'काही नाही. रंग.'
'कुठला?'
'तुमचा.'
'राहिलाय का?' म्हणाले, आणि हसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली.
आधी त्यांनी मला बघितलं, मग माझ्या केसांतले पांढरे,
मग खिडकी.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
'अगं,' म्हणाले, 'हे एवढं निळं
कुणी रंगवलं?'
बाहेर एप्रिलचं आभाळ, ढगाचा धागासुद्धा नाही,
समोरच्या पत्र्यावर दुपार तडतडत होती.
डॉक्टरांनी बजावलं होतं,
उजेडात न्यायच्या आधी काळा चष्मा.
तो माझ्या हातातच होता,
काड्या उघडून.

थोडं बघू दिलं.