वाकणारं चाक

शहाद्यात, दोंडाईचा रस्त्याला,
इसहाक पिंजारीच्या पत्र्याखाली
दुपारी दोन वाजता मी चाकं निवडत होतो.
जीप लिलावातली, वनखात्याची.
दारावरचं नाव खरवडलं तरी वाचता येतं.

समोर एक अलॉय. बारा पाकळ्या,
आणि त्यांत माझा चेहरा बारा वेळा, जरा रुंद.
आवडलं, खोटं कशाला बोलू.
एका हातानं उचललं गेलं,
तेव्हा वाटलं आपण अजून चाळिशीतच आहोत.

इसहाकनं विचारलं, "जानं कथा?"
म्हटलं, धडगावच्या वर. पाड्यांवरच्या गिरण्या.
मी दगडांना टाकी लावतो,
मागं दोन दगड असतात, कधी तीन.
त्यानं बिडी कानावर ठेवली,
अलॉय माझ्या हातातून काढून घेतलं.
"हाई फुटी."
मग काळ्या लोखंडी चाकाला लाथ मारून,
"हाई वाकी.
वाकेल ले ठोकता येस, भाऊ. फुटेल ले काय करशी?"

मग मापं. पाच भोकं, पंधरा इंच.
बाहेर आलेलं रुंद चाक दिसतं झोकात,
पण बेअरिंग खातं, वळणावर मडगार्डला घासतं.
टायर मात्र मीच निवडले, डोळे मिटून, बोटांनी.
दगडाला खाच नसली की ज्वारी नुसती फिरते,
पीठ पडत नाही.
रबराचंही तेच असणार, असं धरून चाललो.
केळीच्या ट्रकांचे गुळगुळीत टायर
कडेला रचलेले, वर कोंबडी बसलेली.

चार लोखंडी घेतली.
पैसे मोजून झाल्यावर पुन्हा एकदा
त्या बारा पाकळ्यांकडे पाहिलं.
"स्टेपनीले ली जाय," इसहाक म्हणाला, "निम्मामा देसू."
नाही घेतलं.
अजून आठवतं, म्हणून सांगतो.

तिसऱ्याच फेरीला, नाल्यात,
पाण्याखालच्या दगडानं पुढचं डावं चाक चेपलं.
जात्र्या पावरा उतरून बघून आला,
म्हणाला, बशी झाली.
तसेच फरफटत वर गेलो.
गिरणीपाशी बायका ज्वारीच्या पाट्या घेऊन
सकाळपासून बसलेल्या.

हातोडा काढला आणि थांबलो.
आधी दगड की आधी चाक?
पुढच्या बाईनं चाकाकडं बोट केलं.
हे कर. तू इथंच अडकलास
तर पुढच्या पाड्यावर कोण जाईल,
माझी बहीण आहे तिकडं.

मग ठोकत बसलो.
लोखंडाला जोर लागतो, दगडाला बेतानं मारावं लागतं.
पहिले चार घाव
मी चाकावरही बेतानंच घातले.