पाचांतला एक

जळगावला, दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर
मी लोकांच्या डोक्यांना तारा चिकटवते.
एकवीस तारा, पांढरी पेस्ट, टेपने मोजलेलं कपाळ.
शॉक बसेल का, विचारतात.
नाही, हे यंत्र फक्त ऐकतं.

आज यावलकडचा रेहान तडवी, वय नऊ.
खांद्यावरून दप्तर उतरवायला तयार नाही.
त्याची आई माझ्या बोटांकडे बघत राहते,
जणू मी वेणी चुकीची घालतेय.

डोळे मीट, म्हटलं.
त्यानं मिटले,
आणि मागच्या तारांवर लाट उभी राहिली,
सेकंदाला नऊ, दहा,
शिलाई मशीनच्या टिपेसारखी.

हा ठेका कोण धरतं?
शिकत होते तेव्हा वाटायचं, बोलणाऱ्या पेशीच धरत असतील.
मग सरांनी फळ्यावर काढली
पाचांतली एक, आखूड हातांची,
शेजारणींच्या अंगाभोवती फांद्या विणून बसलेली.
नावच तिचं टोपली पेशी.
काम एकच, नाही म्हणणं.
ती नाही म्हणते
तेव्हा शेजारणींत मिठातला क्लोराइड शिरतो
आणि शेकडो जणी एकदम गप्प.
नकार विरतो तोही सगळ्यांचा एकाच क्षणी,
म्हणून पुढचं बोलणं एकाच क्षणी फुटतं.
समजलं का, सरांनी विचारलं.
मी म्हटलं, सर, माझे वडील निंभोऱ्याजवळ गेटमन आहेत.
वर्ग हसला.

सुपडू भंगाळे.
एकतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस.
केळीचे ट्रक, दूधवाले,
सावद्याच्या बाजाराला निघालेल्या म्हशी,
एकदा तर घोड्यावरचा नवरदेव,
सगळे त्याच्या लाल-पांढऱ्या दांड्यापुढे.
"उघड ना भो, मुहूर्त टळू राह्यला!"
आप्पा हँडल धरून उभे.
मालगाडी गेली, दांडा वर,
आणि मघाशी एकेकटे आलेले
सगळे एका श्वासात निघाले.
पुन्हा दांडा. पुन्हा गप्प. पुन्हा दणाणा.
आमच्या क्वार्टरची भांडी त्यावर वाजायची.
मी त्यातच पाढे पाठ केले,
सतराचासुद्धा.

पुढच्या गेटवर दगडू तायडे.
आप्पा त्यांना थांबवायचे, ते आप्पांना,
फोनची मूठ फिरवून, आकडे देऊन, आकडे घेऊन.
थांबवणारे एकमेकांनाही थांबवतात,
तेव्हाच त्यांचा ताल जुळतो.
हे पुस्तकात मला फार उशिरा सापडलं.

आणि ती एक दुपार.
ट्रकनं दांडा उडवला होता.
दोन्हीकडचे सगळे एकदम आत,
रुळांवर चाकात चाक,
प्रत्येक हॉर्न दाबलेला तो दाबलेलाच.
आप्पा मधोमध उभे, हात पसरून,
आणि त्यांचं 'नाही' कुणालाच ऐकू जात नव्हतं.
गाडी सिग्नलला उभी होती म्हणून निभावलं.
त्या रात्री ते जेवले नाहीत.

सव्वाअकराला, रेहानच्या पडद्यावर,
उजव्या कानाच्या जरा वर,
तीच दुपार.
टोकदार, गच्च, मध्ये फट नसलेली.
चार सेकंद.
मग कुणीतरी कुठूनतरी दांडा खाली आणला.

आई विचारते, काय दिसलं?
ते मी सांगायचं नसतं.
डॉक्टर सांगतील, गोळी लिहून देतील,
बहुतेक 'नाही'ला थोडं बळ देणारी.
मी फक्त पेस्ट पुसते कोमट पाण्यानं.
रेहान विचारतो, माझ्या डोक्यात काय वाजत होतं?
शिलाई मशीन, मी म्हणते.
त्याला ते पटतं. त्याची आई ब्लाउज शिवते.

संध्याकाळी आप्पांना फोन.
आता तिथं गेट नाही, भुयारी रस्ता आहे,
आईच्या मते झोपेत त्यांचा हात अजून मूठ फिरवतो.
मी रेहानचं सांगितलं, नाव न घेता.
बराच वेळ काही नाही.
"मंग त्या पोराचं गेट कोन सांभायते?"
आहेत आप्पा, आतच आहेत,
पाचांतला एक असतो.
"थकले असतीन," ते म्हणाले.

मग तिकडे गप्प, इकडे गप्प.
आणि दोघं एकदमच बोललो,
जेवलीस का,
जेवलात का.