शेड कार्ड

धनकवडीच्या दुकानातलं शेड कार्ड
चार दिवस फ्रिजला चिकटलेलं.
हेमलता म्हणते, पिस्ता.
मी म्हणतो, पिस्त्यात माणूस आजारी दिसतो आरशात.
बेसिनखालच्या कपाटाला निळा,
एवढ्यावरच तह.
भिंतीला हँडल, डॉक्टरांनी सांगितलं तसं.
दार बाहेरून उघडेल असं.

झुंबर पेंटर आला, नखानं पोपडा काढला,
तळजाईकडची खिडकी ढकलून
उजेड बघत राहिला.
‘इथं जास्त वेळ कोण असतं?’

अण्णा.
पडल्यापासून प्लास्टिकच्या स्टुलावर,
तांब्या तांब्यानं, अर्धा तास,
समोर फक्त भिंत.

‘मग त्यांना विचारा की.’

अण्णांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं,
परत दिलं.
‘कुठलाही द्या.
आतली कडी तेवढी
काढू नका.’