चाळीस डबे

क्लासची पोरं मार्चात गावाकडं गेली,
ट्रंका आमच्या जिन्याखाली ठेवून.
"आठ दिवसांत येतो काकू," म्हणाली.

महानंदा दोन वेळच्या तीनशे चपात्या लाटायची.
आता दोघांच्या सहा,
त्यातल्याही दोन उरतात.

लातुरात नळ दहाव्या दिवशी
आणि ती मेसचे चाळीस डबे रोज घासते,
कुणीच न जेवलेले.
झाकणं उन्हात पालथी मांडते.
मग हात धुते. मग परत हात.
कोपरापर्यंत.
बोटांच्या सांध्यांत भेगा पडल्यात,
कणकेतलं मीठ चरचरतं म्हणते
आणि धुवायला उठते.

मी काय बोलू. घागर भरून ठेवतो.
भाडं थकलंय, गॅसवाला दोनदा येऊन गेला,
त्याचा हिशोब मी वहीत करतो.
ती बादलीत करते.

डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, गोळी द्या.
गोळीनं ती झोपते,
हात झोपत नाहीत.
गोधडीवर एकमेकांना चोळत राहतात
पहाटेपर्यंत.

सतरा नंबरचा डबा ती दोनदा धुते.
झाकणावर खिळ्यानं कोरलंय: किनवट.
त्या पोराचं नाव मला आठवत नाही.
तिला आठवतं.
सांगत नाही.

काल फोन आला, अहमदपूरहून, कुणाचा तरी बाप:
"मेस चालू झाली का हो?"
मी गप्प. पैसे नाहीत, पीठ नाही, काय सांगणार.
तिनं ओले हात पदराला पुसले,
फोन माझ्या हातातून घेतला
आणि विचारलं,
"पोरगं तिखट खातं का?"