प्रतिसादक क्रमांक पन्नास

चार सत्रं, हजेरी पंचाहत्तर टक्के,
लघुप्रबंधाच्या तीन प्रती, निळं कव्हर.
अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
सूचनाफलकाच्या काचेआड एक पाल वाळून चिकटलीय,
शेवटची अट तिच्या शेपटीखाली येते.
मौखिकीला साडी नेसावी असं कुठं लिहिलेलं नाही.
सगळ्या नेसतात.

बोंदरे सर म्हणाले, नमुना पन्नासचा घे,
टक्केवारी काढायला सोपं जातं.
आणि नातेवाईक नको. तटस्थता जाते.

मे महिनाभर तांडापेठेत फिरले,
डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा.
माग बंद पडलेल्या घरांतल्या बायका
कूलरमध्ये बादल्या ओतता ओतता बोलायच्या.
प्रश्न सतरावा: घरातले निर्णय कोण घेतं?
एक म्हणाली, कूलर कधी लावाचा थे मी ठरवतो.
मी लिहिलं : अंशतः.

पन्नासावी बाई ऐन वेळी भंडाऱ्याला गेली,
लेकीच्या बाळंतपणाला.
अनुसूची कोरी, तारीख उद्याची,
आणि समोर आई, चिंचेतले चिंचोके काढत.

तुमचं वय?
"मले तुमी काहून म्हणून राह्यली वं?"
पद्धत आहे, म्हटलं.
मग तिनं हात पुसले, पदर घेतला,
बँकेतल्या साहेबापुढं बसते तशी बसली.

शिक्षण?
"चौथी."
मला जन्मभर सातवी सांगितलं होतं.
पेन थांबू दिलं नाही.

व्यवसाय?
"काई नाई. घरीच रायतो."

तिच्या तर्जनीला एक खाच आहे.
तेवीस वर्षं कांड्या भरताना सुतानं पाडलेली.
लहानपणी त्या खाचेत नख अडकवून
मी झोपायचे.
आणि कांड्या? मी विचारलं.
"थे का काम हाय? थे तं बसल्या बसल्या."

संकेतसूची माझीच, मीच टाइप केलेली :
नोकरी एक, मजुरी दोन,
स्वतःचा धंदा तीन, काम नाही शून्य.
रात्री अडीचला लाइट गेली, आली,
चौकट तशीच.
शून्य काढायला हात गोल फिरावा लागतो.
फिरला नाही.

मौखिकीला चंद्रपूरहून आलेल्या बाई
सारणी नऊवर थांबल्या.
"बेरीज एकोणपन्नास कशी?"
बोंदरे सर पंख्याकडे बघू लागले.
उत्तर पाठ होतं :
प्रतिसादकाने माहिती दिली नाही.
तोंडातून निघालं,
दिली होती. मला लिहिता आली नाही.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
पान उलटलं.
संदर्भसूचीत दोन ठिकाणी वर्ष चुकलंय म्हणाल्या.

ऑटोतून उतरले तेव्हा निऱ्या सुटल्या होत्या.
आई दारातच उभी,
हाताला चिंचेचा चिकटा.
"मंग?" म्हणाली,
"झाल्या का तुमी पास?"